पंचवीस लिहायचे कसे

मोहपाडा, ता. चोपडा
२२ जून १९८६

अक्का,

वर तीर्थरूप वगैरे लिहिलं नाही. आपल्या दोघींत सध्या जे आहे त्याला ते शोभलं नसतं. अक्षर ओळखून तू पत्र फाडायला घेतलं असशील तर थांब. मागच्या पानावर शाळेतला प्रश्न आहे, तेवढा वाच आणि मग फाड.

मी इथे नीट पोचले. चोपड्याहून येणारी बस ओढ्याशी थांबते, पुढे चढावर चालत यावं लागतं. शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. पहिली ते चौथी एकाच खोलीत, आणि शिकवायला मी एकटी. राहायला गुंताबाईच्या घरात कडेची खोली मिळाली. तिचा नवरा धना, आणि मुलगी चमेली, ती दुसरीत आहे. माणसं चांगली आहेत. त्यांची पावरा बोली मला कळत नाही आणि माझं मराठी त्यांना अर्धंच कळतं. त्यामुळे संध्याकाळी आम्ही एकमेकींकडे बघून हसतो आणि आपापल्या चुलीकडे वळतो.

मी मजेत आहे. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू करत असशील की नाही हे मला माहीत नाही.

सुपारी फोडायला आलेली अमळनेरची माणसं माझ्या एका ‘नाही’मुळे उठून गेली, त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. आई-दादा गेल्यावर तू मला वाढवलंस, माझ्यासाठी स्वतःचं काही केलं नाहीस, हे सगळं तू त्या दिवशी बोललीस आणि ते खरंच आहे. तरी माझं उत्तर तेच आहे. जळगाव स्टँडवर मी बस सुटेपर्यंत दाराकडे बघत होते, एवढंच सांगते.

आता प्रश्न. मी ‘पंचवीस’ म्हटलं की पोरं ५२ लिहितात. ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की ७४. एखाद-दुसरं नाही, सगळी. पाटीवर मी बरोबर लिहून दाखवते, ती उतरवतात, आणि पुन्हा तोंडी सांगितलं की परत उलटं. धुळ्याला डी.एड. करताना पाठ घेतले ते शहरातल्या मुलांपुढे. त्यांना हे घरूनच येत होतं. तू इतकी वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळतेस. सगळ्या नगरपालिका शाळांतल्या बाया एकक-दशक कसं शिकवायचं ते तुला विचारायला येतात. मी त्यांच्यातलीच एक आहे असं समज आणि उत्तर दे.

सुनंदा


मोहपाडा
१७ ऑगस्ट १९८६

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन नथ्थू फक्त बाजाराच्या दिवशी वर येतो. मी शाळेच्या दारात उभी राहते, तो लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो. आता तर मी बाहेर येण्याआधीच हलवतो.

मध्ये मला जरा ताप होता. हिवताप असावा, इथे सगळ्यांनाच येतो. गुंताबाईने कसलासा काढा दिला, तो कडू होता. तापात मी तुला हाका मारत होते असं चमेली म्हणते. ती म्हणाली, “बाई, अक्का कोण?” मी म्हटलं, जळगावला असते. तर म्हणाली, “मग इतक्या लांब ऐकू कसं जाईन?” बरं आहे आता. हे सहज लिहिलं.

मी माझ्या अकलेने एक केलं. तुझ्या वर्गात खोक्यात काड्या असायच्या ते आठवलं. मुलांना तुराट्यांचे तुकडे आणायला सांगितले. सुट्या काड्या म्हणजे एकक, जुडी म्हणजे दशक. म्हटलं, बांधा जुड्या. पळसाच्या मुळाचा दोर काढून सगळी बसली बांधायला. खाज्या नावाचा एक चौथीतला मुलगा आहे, त्याची जुडी इतकी जाड झाली की हातात मावेना. सोडून मोजली तर त्यात पन्नास काड्या! दुसऱ्यांच्याही तशाच. मी रागावले. मग कळलं, उन्हाळ्यात ही सगळी आईबापाबरोबर विड्यांसाठी टेंभुर्णीची पानं तोडायला जातात, आणि पानांचा पुडा पन्नासाचा असतो. त्यांच्या हाताला जुडी म्हटलं की पन्नास हेच माहीत आहे. बघता बघता, न मोजता, बरोबर पन्नास! आणि मी त्यांना दहा शिकवत बसले.

आता पन्नासाचा पुडा हातात घेऊन दहाचं स्थान कसं सांगू? मला खरंच सुचत नाही. शाळा सुटली की मी त्या काड्या घेऊन बसते, जुड्या बांधते, सोडते. बोलायला कोणी नाही म्हणून नाही, सुचावं म्हणून.

एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

सुनंदा


मोहपाडा
७ सप्टेंबर १९८६

अक्का,

कार्ड मिळालं! नथ्थूने या खेपेला लांबून दोन्ही हात हलवले.

कार्डावर ना माझं नाव, ना तुझं. ‘कशी आहेस’ नाही, ‘आशीर्वाद’ नाही. सरळ गणिताला सुरुवात. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तरी इथे उतरवते, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते तू तपासशील:

‘पुडा मोडायला लावू नये. पुड्याच्या आत दहा-दहाच्या जुड्या बांधून मग पुडा बांधू द्यावा. पाच जुड्यांचा पुडा होतो हे त्यांच्याच हाताला कळेल. पंचवीस ऐकताना पाच आधी ऐकू येतात म्हणून मूल पाच आधी लिहितं. त्याने ऐकलं ते बरोबरच आहे. त्याला चूक म्हणू नये. आधी काड्या मांडायच्या, मग लिहायचं. डावीकडे जुड्या, उजवीकडे सुट्या. तोंडी अंक सांगून लिहायला लावणं महिनाभर बंद. घरी कसं मोजतात ते विचारावं.’

घरी कसं मोजतात ते मी विचारलं नव्हतं, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी गुंताबाई कोंबड्या डालत होती. मी विचारलं, किती आहेत? ती म्हणाली, “एक वीस नं पाच.” अक्का, तिच्या तोंडात वीस आधी येतात! आपल्यासारखं उलटं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हटलं, “एक वीस नं पाच लिहा,” आणि चमेलीने बेधडक २५ लिहिलं. मग मी सांगितलं, यालाच शाळेत पंचवीस म्हणतात. ती पाटीवर बोट ठेवून म्हणाली, “शाळावाले उलटं का बोलतात?”

याचं उत्तर तुला येत असेल तर कळव.

खाज्याने पुड्यात पाच जुड्या बांधल्या आणि मग एकदम मोठ्याने ओरडला, “बाई, यात पाच शेत!” पाच आहेत, जणू आत पाचजणं लपून बसलेली सापडली. तू इथे असायला हवी होतीस. वर्गात तुझं नाव मी सांगितलं नाही, पण जळगावच्या मोठ्या बाईंनी सांगितलंय म्हटलं की सगळी गप्प बसून ऐकतात.

पुढचा प्रश्न तयार आहे. ‘एकशे पाच’ सांगितलं की १००५ लिहितात. आधी शंभर, त्याला चिकटून पाच. जुडी नसेल तर तिथे काय लिहायचं, हे मला सांगता येत नाहीये.

कार्ड पुरत नसेल तर आंतरदेशीय लिही. माझ्यासाठी नको, मुलांसाठी.

सुनंदा


मोहपाडा
९ नोव्हेंबर १९८६

अक्का,

दिवाळीला मी आले नाही. तू ‘ये’ म्हणून लिहिलं नव्हतंस, आणि इथेही बरीच कामं होती. शाळेची खोली सारवून घेतली. कामं तशी दोन दिवसांत संपली.

तुझं तिसरं कार्ड दिवाळीच्या आधीच मिळालं होतं. तू सांगितलंस तसं अंगणात चुन्याने तीन घरं आखली, शतक, दशक, एकक. एकशे पाच करायचे म्हणून खाज्या पुड्यांच्या जोडीसह शतकाच्या घरात उभा राहिला, दुसऱ्या टोकाला पाच काड्या घेऊन दुसरा मुलगा. मधल्या घरात कोणीच नाही. तू लिहिलं होतंस, ‘मधलं घर पुसू नये.’ मी मुलांना विचारलं, इथे कोणी नाही, तर हे घर ठेवायचं की पुसायचं? बहुतेकांनी पुसा म्हटलं. चमेली म्हणाली, “नाही. गुजरातला गेलेल्यांचं घर कुठं पाडतात? ते येतीन ना.” मग तिने खडू घेतला आणि पाटीवर १०५ लिहिलं. कोणीही न सांगता. ‘शून्य’ हा शब्द मी त्यानंतर शिकवला.

हे तुला मी आनंदाने कळवणार होते, पण पत्र पाठवायचं राहून गेलं, कारण त्यानंतर पाड्यातली घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. दिवाळी झाली की इथली बहुतेक माणसं गुजरातला ऊस तोडायला जातात. मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोण कशाला सांगेल? काल धना, गुंताबाई आणि चमेली गेली. ट्रक ओढ्याशी उभा होता. गुंताबाईने कोंबड्या माझ्या हवाली केल्या. चमेली पाटी बरोबर नेत होती. धनाने ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तिथं फुटीन, बाई.” चमेली ट्रकच्या फळीला धरून उभी राहिली.

“होळीला येशील ना?” मी विचारलं.

“होळीला बठ्ठे येतात, सगळे,” धनाच म्हणाला.

आता घरात मी आणि कोंबड्या. वर्गात म्हातारे आजी-आजोबा ज्यांच्याजवळ आहेत तेवढी मुलं. खाज्या आहे. मी रेडिओवर बातम्या ऐकते, त्या संपल्या की शेतकऱ्यांचा कार्यक्रमही ऐकते. काल केळीवरच्या करप्यावर काय फवारायचं ते सगळं ऐकलं. मराठी बोलणारा माणूस आहे, हेच पुष्कळ.

तुझ्या कार्डात पहिल्यांदाच शेवटी ‘थंडी पडेल, गोधडी आहे का?’ असं लिहिलं होतं. आहे. तूच दिलेली आहे.

सुनंदा


मोहपाडा
संक्रांत नुकतीच झाली आहे

अक्का,

या वेळी पत्राच्या डोक्यावर तारीख आकड्यात लिहिली नाही. तू ते लगेच ओळखशील आणि रागावशीलही. रागाव.

मी कालच परत आले. कोंबड्या खाज्याच्या आजीने सांभाळल्या. शाळेचं कुलूप काढलं, सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या, आणि मला मात्र काही सुचेना. म्हणून तुला लिहायला बसले. समोर असताना जे बोलता आलं नाही ते लिहिते. हे तू एकटी असताना वाच. तुझं वाचन शाबूत आहे, हे डॉक्टरांपेक्षा मला आधी कळलं. दवाखान्यात तू भिंतीवरच्या पाट्या पुटपुटत होतीस.

नथ्थू तार घेऊन आला तेव्हा मी वर्गात होते. शेजारच्या तानुबाईंच्या मुलाने केलेली तार. ‘अक्काला झटका. ये.’ बस मिळेपर्यंत मी काय काय कल्पना केल्या ते सांगत नाही. तुझा उजवा हात पांघरुणावर निर्जीव पडलेला आणि तोंड जरा वाकडं झालेलं पाहिलं, तरी मला हायसं वाटलं. तू मला ओळखलंस आणि पहिलं वाक्य म्हणालीस, “शाळा कोणावर सोडून आलीस?”

बोलणं आठवड्याभरात सुधारलं. आपण दोघींनी पुन्हा एका ताटात खाल्लं. मला वाटलं, सगळं परत येईल. मग एके दिवशी तू दिनदर्शिकेसमोर उभी होतीस. मी सहज विचारलं, “आज तारीख काय गं?” तू म्हणालीस, “दोन… सहा…” आणि थांबलीस. मग बोट ठेवून पुन्हा म्हणालीस, “दोन. सहा.” दोन आणि सहा वेगवेगळे दिसत होते, त्यांचे मिळून काही होत नव्हते. तुझा चेहरा मी पाहिला. तूही माझा पाहिलास. दुपारी तानुबाई दाराशी आल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुनी अक्का बठ्ठं बोलस, पन आकडा इसरी गयी माय. दूधवाला किती माप ईचारस, तर ती त्याना तोंडकडे देखत ऱ्हास.”

डॉक्टर म्हणाले, तेवढ्याच भागाला इजा झाली आहे, सराव केला तर बरंचसं परत येईल, लहान मुलांना शिकवतात तसं सुरुवातीपासून.

म्हणून मी तुझं काड्यांचं खोकं काढलं. मी चुकीचं केलं असं मला आजही वाटत नाही, पण दार लावून घ्यायला हवं होतं. तानुबाई बघत होत्या. मी दोन जुड्या डावीकडे मांडल्या, सहा काड्या उजवीकडे, आणि माझ्याकडून तो आवाज निघाला, वर्गात निघतो तो. “हं, डावीकडे काय आहे?”

तू डाव्या हाताने सगळं उडवून दिलंस.

“मला शिकवतेस?” तू म्हणालीस. “मला? एकक-दशक?”

“अक्का, डॉक्टरांनी…”

“जळगावातल्या निम्म्या पोरांना मी शिकवलं. उचल ते. उचल आणि ठेवून दे.”

मी काड्या गोळा करत होते आणि तू भिंतीकडे तोंड करून निजलीस. नंतर त्याच कुशीवरून म्हणालीस, “लग्न केलं असतंस तर मी गेल्यावर तू एकटी पडली नसतीस. तेवढ्यासाठीच सगळं जमवलं होतं मी.”

तेव्हा मी नुसतं खोक्याचं झाकण लावलं. आता सांगते.

अमळनेरच्या तोतारामांशी मला ओसरीवर दोन शब्द बोलू दिलं होतं, आठवतं? ते वाईट नव्हते. तेलाच्या मिलमधल्या नोकरीबद्दल सांगत होते, बोटं सारखी रुमालाला पुसत होते. मी त्यांना एकच विचारलं. म्हटलं, माझी बहीण निवृत्त झाली की आपल्याकडे राहायला आली तर चालेल का? ते म्हणाले, “आईला विचारून सांगतो.” आत गेले आणि परत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमच्यात माहेरचं माणूस कायमचं राहायला नसतं.” मग मी आत येऊन ‘नाही’ म्हटलं.

तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू मला ते लग्न करायलाच लावलं असतंस. म्हणाली असतीस, माझं काय, मी एकटी राहीन. म्हणून कारण सांगितलं नाही. हट्टी म्हणवून घेतलं. मला त्याचं दुःख नाही. फक्त तू स्टँडवर आली नाहीस, त्याचं आहे.

विस्तार अधिकारी म्हणतात, बहिणीच्या आजारपणाच्या कारणाने जळगावजवळ बदली मिळू शकेल. मी अर्ज केलेला नाही. तू निघताना म्हणालीस, “माझ्यासाठी बदली मागितलीस तर दार उघडणार नाही. तुझी पोरं वाट बघत असतील.” निम्मी पोरं गुजरातेत आहेत, अक्का. वाट मीच बघते.

हाताला तेल लावून घेत जा.

सुनंदा


मोहपाडा
होळी पेटून गेली, धुळवडीचा दिवस

अक्का,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तुला हाताने लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे. तानुबाईंनी पोराकडून दोन ओळी लिहवून पाठवल्या, तू हिंडतेफिरतेस, पण कोणाशी बोलत नाहीस, शाळेतल्या बाया भेटायला आल्या तर झोपल्याचं सोंग घेतेस. असं नको करूस.

माणसं परत आली. गेल्या आठवड्यात भोंगऱ्याचा, होळीआधीचा मोठा बाजार भरला होता. मांदळ वाजत होते. बाया चांदी घालून नटल्या होत्या. गुंताबाईने मला हाताला धरून नेलं आणि मला एक लाल रिबीन घेऊन दिली. काय करू तिचं? बांधली.

चमेली उंच झालीय. तळहात उसाच्या पात्याने चिरलेले. आल्या आल्या ती पाटी मागायला आली. शाळेत बसवलं, म्हटलं, चमेली, पंचवीस लिही बरं.

तिने ५२ लिहिलं.

मी म्हटलं, एकशे पाच लिही. तिने १००५ लिहिलं. खाज्या हसला. अक्का, पावसाळाभर जे केलं ते सगळं उसात गेलं. मला वाटलं आता मी रडेन, नाहीतर तिला ओरडेन. तेवढ्यात तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पाटी पुसली, पाय पोटाशी घेऊन नीट बसली आणि म्हणाली,

“इसरी गई. परत सांग.”

एवढंच. लाज नाही, रडणं नाही. तहान लागली, पाणी दे, असं म्हणावं तसं. मी जुड्या काढल्या. ती खाज्याच्या हसण्याकडे लक्ष न देता दोन जुड्या डावीकडे आणि पाच काड्या उजवीकडे मांडत बसली. मांडून झालं, की मोडायची आणि पुन्हा मांडायची. शाळा सुटली तरी उठेना.

त्यानंतर मी खूप वेळ ओसरीवर बसून होते. मला तुझीच आठवण येत होती. का, ते लिहीत नाही. तुला कळेल.

इथे महू, म्हणजे मोह, फुलला आहे. पहाटे सगळा पाडा वेचायला जातो, सगळीकडे गोड वास आहे. मीही गेले होते. माझ्या टोपलीत फारशी फुलं नव्हती, गुंताबाईने तिच्यातली ओंजळभर घातली.

सुनंदा


मोहपाडा
अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, जवळ आली

अक्का,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचा पत्ता तानुबाईंच्या मुलाच्या अक्षरात होता म्हणून आधी घाबरले. आत डाव्या हाताने काढलेली अक्षरं पाहिली. पहिलीतल्या मुलासारखी, मोठाली, रेघेखाली उतरलेली. मी ते शाळेच्या दारातच उभ्याने वाचलं. नथ्थू विचारत होता, “बाई, बरं आहे ना सगळं?” मी मान हलवली.

अमळनेरबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘तेव्हाच बोलली असतीस तर मीच त्यांना घालवून दिलं असतं.’ वाचून मी मोठ्याने हसले. मग बराच वेळ हसता आलं नाही.

आणि दुसरं तू लिहिलंस ते मी चमेलीला वाचून दाखवलं. ‘त्या पोरीच्या शेजारी बसेन. तिला जे सांगशील ते मलाही सांग.’ चमेली म्हणाली, “मोठी बाई पण इसरी गई?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मग माझ्या काड्या देईन.” आणि लगेच खाज्याला बजावलं, “हसायचं नाही.”

तर ये. आखाजीला लेकी माहेरी येतात. आपल्या गल्लीतल्या सगळ्या पोरी झोक्यावर बसायच्या आणि तू दारात उभी राहून मला झोके द्यायचीस. तू स्वतः कधी कोणाच्या घरी माहेरपणाला गेली नाहीस, जायला घरच नव्हतं. यंदा माझ्याकडे ये. इथे आखाजीचा झोका बांधत नाहीत, पण मी धनाभाऊंना सांगून महूच्या फांदीला बांधून घेतलाय. पोरं उतरायलाच तयार नाहीत. निकाल लागेपर्यंत शाळा चालू आहे, म्हणजे तुला वर्ग बघायला मिळेल.

तू लिहितेस, न्यायला येऊ नकोस, मी एकटी येईन. मला ते पटलेलं नाही. पण तुझा शब्द मोडत नाही. मात्र मी सांगते तसंच ये.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत नीघ. तानुबाईंचा मुलगा स्टँडपर्यंत येतो म्हणाला तर त्याला ‘नको’ म्हणू नकोस, तेवढं माझ्यासाठी. बसवरचा नंबर बघायचा नाही. पाटीवर ‘चोपडा’ लिहिलेलं असतं, ते वाचायचं. ड्रायव्हरच्या मागची खिडकी धर, उजव्या हाताला आधार मिळेल अशी. तिकीट काढताना नोट पुढे कर आणि उरलेले न बघता रुमालात बांध, कंडक्टर ओळखीचा आहे, त्याला मी सांगून ठेवलंय. तापीचा मोठा पूल लागेल. तिथे बरीच माणसं उठतील, तू उठू नकोस. मग दोन्ही बाजूंना केळीच केळी. त्या संपून डोंगराची निळी रेघ समोर दिसायला लागली की चोपडा आलं असं समज. बस तिथेच रिकामी होते. घाई करू नकोस, सगळे उतरू देत, मग सावकाश उतर.

पुढच्या गाडीने आपण ओढ्यापर्यंत येऊ. तिथे धनाभाऊ बैलगाडी घेऊन थांबणार आहेत. गुंताबाईने गाडीत गोधड्या घालायचं ठरवलंय.

पहिली बस चुकली तर वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरीने ये. तीही चुकली तर तिच्यानंतरच्या गाडीने. मी सकाळपासून चोपड्याच्या स्टँडवर आहे. शेवटची गाडी येईपर्यंत हलणार नाही.

गर्दीत मी दिसले नाही तर हाक मार. इथे मला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. तू नावाने मार, मी लगेच वळेन.

सुनंदा